राणीसाहेबांचा महाल गेला कुठे?

1657 साली दोन गोष्टी घडल्या. एक जपानमध्ये, दुसरी आपल्या भिवंडीत. दोघींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरी मी त्या शेजारी शेजारी मांडणार आहे. का, ते पुढे कळेलच.

त्या वर्षी मार्च महिन्यात जपानमधल्या एडो शहराला आग लागली. एडो म्हणजे आजचं टोकियो. घरं लाकडाची, खिडक्यादारं कागदाची, त्यात कोरडा वारा सुटलेला. तीन दिवस शहर जळत राहिलं. निम्म्याहून जास्त शहर गेलं. शहराच्या मधोमध किल्ला होता. जपानचा सम्राट तेव्हा दूर क्योटोला राहायचा. खरा कारभार करणारा शोगुन मात्र या एडोच्या किल्ल्यात. त्या किल्ल्यात एक उंचच उंच मनोरा होता. आगीत तोही पेटला आणि कोसळला.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात शिवाजी महाराजांनी आदिलशहाच्या ताब्यातलं कल्याण आणि भिवंडी घेतलं. तेव्हा भिवंडीत यंत्रमागांची खटखट नव्हती आणि नाक्यानाक्यावर कंटेनरच्या रांगाही नव्हत्या. होती ती खाडी आणि होतं बंदर. बंदर मोहल्ला हे नाव अजून आहेच की! पुढच्या दोनेक वर्षांत कल्याण, भिवंडी आणि पनवेलच्या खाडीकाठी स्वराज्याची जहाजं बांधली जायला लागली. ते कळल्यावर वसईच्या पोर्तुगीजांची झोप उडाली.

जहाज कशाचं? लाकडाचं. एडोचा मनोरा कशाचा? वरचा सगळा लाकडाचा, खालचं बूड तेवढं दगडाचं. आज मी तुम्हाला जो राजवाडा दाखवायला नेणार आहे, तोही अगदी तसाच. खाली दगड, वर लाकूड. चला, रायगडावर जाऊ.

भिवंडीहून निघायचं, कल्याण नाका, पनवेल, मग गोवा हायवे धरायचा आणि पुढे आत वळून पाचाड गाठायचं. वर चढायला हजाराहून जास्त पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी रोपवे आहे. (तुमचे गुडघे कुरकुरत नाहीत. तुम्ही पायऱ्यांनीच जा.) वर पोहोचलात की तुम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर उंचीवर असता.

शाळेची सहल आली की इथे एक संवाद हमखास ऐकू येतो.

"सर, राजवाडा कुठंय?"

"अरे, तू राजवाड्यातच उभा आहेस!"

"इथं तर नुसती दगडं आहेत..."

मग तो मुलगा खट्टू होतो, वडापावची वाट बघायला लागतो, आणि सगळ्यात भारी गोष्ट त्याच्या पायाखालीच राहून जाते. ती गोष्ट म्हणजे जोतं.

जुनं घर कधी थेट जमिनीवर उभं नसतं. आधी दगडाचा उंच ओटा बांधतात, त्यावर घर. तो ओटा म्हणजे जोतं. भिवंडीच्या जुन्या आळ्यांमधून चालताना बघा. अजूनही काही घरांना रस्त्यावरून तीन-चार पायऱ्या चढून जावं लागतं. हा थाट नाही, पावसाशी केलेली तयारी आहे. लाकूड पाणी ओढून घेतं. खांबाचं टोक ओल्या मातीत पुरलं तर ओल लाकडातल्या बारीक बारीक नळ्यांमधून वर चढते. ओल आली की बुरशी येते, बुरशीच्या मागून वाळवी येते, आणि काही वर्षांत खांब आतून पोकळ. म्हणून आपले सुतार आणि गवंडी काय करायचे, तर खांब जमिनीत पुरायचेच नाहीत. जोत्यावर एक चौकोनी घडवलेला दगड बसवायचा आणि त्याच्यावर खांब उभा करायचा. त्या दगडाला म्हणतात तळखडा.

आता गंमत ऐका. लाकूड जळतं, कुजतं, चोरीला जातं. जोतं आणि तळखडा मात्र जागचे हलत नाहीत. म्हणजे घर गेलं तरी घराचा नकाशा जमिनीवर तसाच राहतो, खराखुरा, पूर्ण आकाराचा. कागदावरचा नकाशा वाचायला शिकतो ना, तसा हाही वाचायला शिकायचा. रायगड ही त्याची सगळ्यात मोठी शाळा.

आपण गंगासागर तलावाच्या बाजूने वर जाऊ. हा तलाव राजवाड्याच्या अगदी पायाशी आहे. तो का, हे थोडं गणित करून बघा. तलाव करायचा तर खडक फोडावा लागतो. राजवाडा बांधायचा तर दगड लागतो. मग फोडलेला खडक टाकायचा कुठे आणि बांधकामाचा दगड आणायचा कुठून, हे दोन्ही प्रश्न एकमेकांनीच सोडवले! खड्ड्याचा झाला तलाव, दगडाचा झाला वाडा. 820 मीटर उंच डोंगरावर खालून एक दगड चढवायची गरज नाही. ही अक्कल हिरोजी इंदुलकरांची. रायगडाचं बांधकाम त्यांनी केलं. जगदीश्वराच्या देवळापाशी एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात गडावर काय काय बांधलं याची यादी दिली आहे. विहिरी, तळी, बागा, स्तंभ, हत्तींसाठी घरं आणि राजाची घरं. एवढं सगळं बांधून हिरोजींनी स्वतःसाठी काय घेतलं? त्याच देवळाच्या पायरीवर आपलं नाव कोरलं. बस्स.

तलावाच्या काठाला दोन मनोरे उभे आहेत, बारा कोनांचे. आज ते अर्धेमुर्धेच आहेत, पण तरी त्यांचा देखणेपणा लपत नाही. त्यांच्याजवळून पायऱ्या चढलं की पालखी दरवाजा. आणि तिथून एक वाट सरळ मेणा दरवाजाकडे जाते. पालखी आणि मेणा यांतला फरक ठाऊक आहे? पालखी उघडी. मेणा बंद, चारही बाजूंनी झाकलेला, त्यातून राजघराण्यातल्या बायका प्रवास करायच्या. म्हणजे दरवाज्याच्या नावावरूनच कळलं की आता आपण कुणाच्या घराजवळ आलो.

हो, राणीवसा! उजव्या हाताला एका ओळीत मोठमोठी जोती दिसतात. सहा मोठी, आणि कुणी कुणी शेवटचं लहान धरून सात मोजतात. हे राण्यांचे महाल.

आता गुप्तहेर व्हा. वहीपेन्सिल काढा.

पहिला पुरावा, भिंती. प्रत्येक महालाला स्वतंत्र जोतं आहे. एकच लांबलचक इमारत बांधून आत खोल्या पाडलेल्या नाहीत. म्हणजे प्रत्येक राणीसाहेबांचं घर वेगळं, उंबरठा वेगळा. शिवाजी महाराजांच्या आठ राण्या होत्या. सईबाई राणीसाहेब 1659 मध्ये राजगडावर वारल्या. त्यांनी हा रायगडावरचा राणीवसा पाहिलाच नाही. 1674 च्या राज्याभिषेकात पट्टराणी म्हणून शेजारी बसल्या त्या सोयराबाई. कोणता महाल कुणाचा, हे जोत्यावर लिहिलेलं नाही. एखादे गाईडकाका अगदी बोट दाखवून सांगतील, "हा पुतळाबाईंचा, तो सोयराबाईंचा." ऐकून घ्या, मान डोलवा, पण वहीत लिहू नका. गुप्तहेराने पुराव्याशिवाय नाव लिहायचं नसतं.

दुसरा पुरावा मला फार आवडतो. तुम्हाला हसू येईल. संडास! महालांना जोडून शौचकूप आहेत आणि घाण व सांडपाणी वाहून नेण्यासाठी दगडी मोऱ्या आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी, डोंगराच्या माथ्यावर, घराला लागून शौचालय! त्याच काळात युरोपातल्या कितीतरी राजवाड्यांत खोलीत भांडं ठेवायचे आणि सकाळी नोकर ते उचलून न्यायचे. मोरीचा दगड बघताना एक गोष्ट तपासा. तिचा तळ सपाट नसतो, किंचित उतरता असतो. उतार कमी पडला तर घाण तुंबते. उतार फारच जास्त झाला तर पाणी पुढे पळून जातं आणि घाण मागे चिकटून राहते. तो मधला, नेमका उतार कुणीतरी डोळ्याने आणि पाण्याने जोखून काढला असणार. आजही प्लंबरकाका पाइप बसवताना हेच करतात, फक्त त्यांच्याकडे लेव्हलची बाटली असते.

तिसरा पुरावा म्हणजे कौलांचे तुकडे. उकरताना ते इथे सापडतात. कौलं सापडली म्हणजे छप्पर उतरतं होतं. उतरतं असायलाच हवं. कोकणातल्या या डोंगरावर पाऊस असा कोसळतो की आपल्या भिवंडीचा जुलै त्याच्यापुढे रिमझिम वाटावा.

आता राण्यांच्या महालांकडे पाठ करा. समोर दासदासींच्या लहान लहान घरांची जोती आहेत, त्यांच्या मागे भिंत, आणि भिंतीच्या मधोमध एक दरवाजा. त्यातून आत गेलं की एक प्रशस्त चौथरा लागतो. हे महाराजांचं राहतं घर. राजभवन.

किती मोठं असेल? मनात एक आकडा धरा.

चौथरा आहे 86 फूट लांब आणि 33 फूट रुंद. गुणाकार करा. 2,838 चौरस फूट. म्हणजे पाचशे-साडेपाचशे चौरस फुटांचे पाच फ्लॅट शेजारी शेजारी ठेवले तर छत्रपतींचं घर भरून जाईल! एवढंच? हो, एवढंच.

आता पुढे चला, राजसभेत. जिथे सिंहासन होतं, जिथे 6 जून 1674 ला राज्याभिषेक झाला, ती जागा. ही आहे 220 फूट लांब आणि 124 फूट रुंद. क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या एकापुढे एक टाकल्या तरी लांबीत जागा उरते. गुणाकार केलात? 27,280 चौरस फूट. राहत्या घराच्या जवळजवळ दहापट! ज्या राजाचं कामाचं ठिकाण घराच्या दहापट असतं, त्याचा दिवस कुठे जात असेल ते सांगायला इतिहासाचं पुस्तक कशाला हवं? फूटपट्टी पुरते.

इथे जरा जपानला जाऊन येऊ. एडोच्या किल्ल्यातही शोगुनच्या घरातल्या बायकांसाठी वेगळा राणीवसा होता. त्याला ओओकु म्हणत. शोगुनची आई, बायका, मुलं आणि त्यांची सेवा करणाऱ्या शेकडो स्त्रिया तिथे राहायच्या. शोगुनच्या मुख्य राजवाड्याचा अर्ध्याहून जास्त भाग या ओओकुने व्यापलेला होता. बघा, तिथे घर मोठं आणि कचेरी लहान. इथे उलटं. अर्थात शोगुन सपाट शहरात राहायचा, त्याला जागेची ददात नव्हती. महाराजांकडे डोंगराचा माथा तेवढा होता, आणि त्यातही बाजारपेठ, देऊळ, कोठारं, तलाव सगळं बसवायचं होतं. त्यामुळे तुलना करताना जरा सांभाळून. पण तरी मला तो दहापटीचा आकडा विसरता येत नाही.

आता राजसभेतली जादू. सिंहासनाच्या जागेसमोर, दुसऱ्या टोकाला, नगारखान्याचा भला उंच दरवाजा आहे. सहलीतल्या एकाला नगारखान्यात उभं करा आणि एकाला सिंहासनापाशी. नगारखान्यातल्याने कागद टरकन फाडला, नाहीतर हळूच काही पुटपुटलं, तरी ते पलीकडे ऐकू येतं. माइक नाही, स्पीकर नाही!

कसं काय? उघड्या मैदानात तुम्ही बोललात की आवाज सगळीकडे पसरतो, पसरता पसरता विरतो. राजसभेत त्याला पळायला वाटच नाही. बाजूला दगडी भिंती. कठीण, गुळगुळीत दगड आवाज फारसा शोषत नाही, परत फेकतो. त्यामुळे तुमचा थेट आवाज आणि भिंतींवरून परतलेले आवाज, सगळे मिळून पलीकडच्या कानात पोहोचतात. मग घोटाळा होऊन 'राजे-राजे-राजे' असा प्रतिध्वनी का नाही येत? हिशेब करा. आवाज एका सेकंदात साधारण 340 मीटर जातो. सभागृह 220 फूट, म्हणजे 67 मीटर. थेट आवाज पोहोचायला लागला सेकंदाचा पाचवा भाग. बाजूच्या भिंतीवर आपटून येणाऱ्या आवाजाचा रस्ता त्याच्यापेक्षा थोडासाच लांब, त्यामुळे तोही पाठोपाठ येऊन मिसळतो. दोन आवाजांत सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी अंतर असलं की आपला कान त्यांना एकच आवाज समजतो. पूर्वी वर छत आणि कडेला पडदे असतील, तर तेव्हा हा खेळ वेगळा ऐकू येत असणार, कारण कापड आवाज गिळतं. आज आपण ऐकतो तो दगडाचा आवाज.

सगळं राजघराणं गडावरच राहायचं असं मात्र नाही बरं का. महाराजांच्या आईसाहेब, जिजाबाई, खाली पाचाडला राहायच्या. वरची गार हवा आणि भन्नाट वारा त्यांना मानवेना. म्हणून महाराजांनी पायथ्याशी त्यांच्यासाठी वेगळा वाडा बांधला. त्याचीही जोती अजून आहेत आणि विहिरी तर बघण्यासारख्या आहेत. एका विहिरीच्या काठाला दगडाचा तक्क्या घडवलाय, टेकून बसायला. राज्याभिषेक झाल्यावर थोड्याच दिवसांनी, 17 जून 1674 ला, आईसाहेब पाचाडलाच गेल्या.

मग हा सगळा राजवाडा गेला कुठे? लाकूड कुठे गेलं?

1689 मध्ये गड मोगलांनी घेतला आणि महाराजांच्या सूनबाई येसूबाई राणीसाहेब व त्यांचे लहानगे शाहूराजे मोगलांच्या कैदेत गेले. पुढे गड पुन्हा मराठ्यांकडे आला. खरा घाव बसला तो 1818 साली. कर्नल प्रॉथर नावाचा इंग्रज अधिकारी फौज घेऊन आला. महाराजांच्या काळी रायगड घेणं म्हणजे अशक्यच मानत. तटाखालचे कडे असे सरळ तुटलेले, की चढणार कोण? साधी तोफ सरळ मारा करते, गोळा कड्यावर आपटून खाली पडतो. पण प्रॉथरकडे उखळी तोफा होत्या. बुटक्या, आभाळाकडे तोंड केलेल्या. त्यांचा गोळा आधी उंच आकाशात जातो, मग वळून वरून खाली पडतो. चेंडू भिंतीवर मारला तर परत येतो, पण उंच उडवला तर भिंतीपलीकडच्या अंगणात जाऊन पडतो. हा डाव तर तुम्ही गल्लीत रोज खेळता, आणि मग शेजारच्या आजींची बोलणी खाता. फरक इतकाच की त्या गोळ्यांमध्ये दारू भरलेली होती. समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून मारा झाला. कडा, तट, दरवाजे, सगळं जागच्या जागी उभं राहिलं आणि गोळे थेट छपरांवर येऊन पडले.

लाकूड साधारण 300 अंश सेल्सिअसला पेट घेतं. रायगडाचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. तो वितळायला हजार अंशांच्याही वर तापमान लागतं. घराच्या आगीत तेवढी उष्णता सहसा होत नाही. (आणि हा दगड मुळात आगीतूनच जन्मलेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला आणि थंड होऊन त्याचा सह्याद्री झाला. त्याला आगीचं काय कौतुक!) जाड सागवानी तुळई मात्र लगेच हार मानत नाही. आधी बाहेरून कोळसा होतो, तो कोळशाचा थर आतल्या लाकडाला काही वेळ झाकून धरतो. पण आग विझवणारं कुणी नसेल, वरून गोळे पडतच असतील आणि डोंगरावरचा वारा फुंकर घालत असेल तर तो थर किती वेळ पुरणार? तुळया गेल्या, वासे गेले, छप्पर खाली आलं. 10 मे 1818 ला गड इंग्रजांच्या हाती गेला. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावरच होत्या. त्यांना इंग्रजांनी जाऊ दिलं. मागे राहिला तो तुमच्या पायाखालचा नकाशा.

अजूनही तो नकाशा उकलतोच आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे लोक इथे उत्खनन करतात. फावडं खसाखस मारायचं नसतं हं. ब्रश, लहान कुदळी, चाळण्या, आणि सापडलेली प्रत्येक वस्तू कुठे, किती खोल सापडली याची नोंद. वाड्यांच्या जोत्यांजवळ नाणी, कौलं, मातीची भांडी असं काय काय सापडलंय. एक सोन्याची बांगडीही सापडली! कुणाच्या हातातली असेल ती? आणि 2025 मध्ये तर यंत्रराज सापडल्याची बातमी आली. यंत्रराज म्हणजे ग्रहताऱ्यांची जागा आणि वेळ काढायचं जुनं उपकरण. त्याच वर्षी जुलैमध्ये रायगडासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले.

आता तुमच्यातला एखादा हात वर करून विचारेल, "मग राजवाडा परत का नाही बांधत?"

चांगला प्रश्न आहे, आणि मोठी माणसंही यावर हिरिरीने भांडतात. याचं उत्तर शोधायला पुन्हा जपान.

क्योटोमध्ये सम्राटांचा जुना राजवाडा आहे. त्यात सम्राटांचं रोजचं राहण्याचं घर वेगळं, पंधरा खोल्यांचं. सम्राज्ञीचं घर वेगळं, राजपुत्र आणि राजकन्यांचं वेगळं. सगळं लाकडी, आणि छपरंही झाडाच्या सालींचे थर रचून केलेली. साहजिकच हा राजवाडा पुन्हा पुन्हा जळला. आज दिसतो तो बहुतेक 1855 सालचा आहे. 1954 मध्ये तर भलतंच झालं. जवळच्या कामो नदीवर आतषबाजी चालली होती. त्यातली एक ठिणगी उडत उडत आली आणि राजवाड्यातली एक आख्खी इमारत जळून गेली. चार वर्षांत, 1958 मध्ये, ती पुन्हा जशीच्या तशी उभी राहिली. कशी? तिची मोजमापं होती, चित्रं होती, शेजारी तशाच इमारती उभ्या होत्या, आणि तसं काम हातात असलेले सुतार होते.

आणि एडोचा तो 1657 मध्ये जळलेला मनोरा? त्याचं दगडी जोतं दुसऱ्याच वर्षी नव्याने रचून तयार केलं, वर मनोरा चढवायचा म्हणून. पण शोगुनच्या एका शहाण्या सल्लागाराने अडवलं. अख्खं शहर राखेत बसलंय, पैसा आधी लोकांच्या घरांसाठी वापरा, मनोरा नंतर बघू. ते 'नंतर' कधी आलंच नाही. 1868 मध्ये क्योटोचे सम्राट या किल्ल्यात राहायला आले, त्यांच्यासाठी बांधलेला नवा राजवाडा 1945 मध्ये विमानांच्या बाँबहल्ल्यात जळला, 1968 मध्ये पोलाद आणि काँक्रीटचा आणखी नवा राजवाडा झाला. आज सम्राटांचं राहतं घर त्याच आवारात, पण झाडीत वेगळं आहे आणि कामाचा राजवाडा वेगळा. हे ऐकून कुठलं तरी 86 बाय 33 आठवलं का? मनोऱ्याचं जोतं मात्र अजून रिकामंच आहे. लोक त्यावर चढतात, बाकावर बसतात, फोटो काढतात. शेजारी जिथे ओओकु होता तिथे हिरवळ आहे. तिथेही मनोरा पुन्हा बांधा म्हणणारे लोक आहेतच.

रायगडाच्या बाबतीत माझं मत विचाराल तर, मी घाई न करणाऱ्यांच्या बाजूने आहे. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन आला होता. त्याने गडाबद्दल लिहून ठेवलंय. दारात उभे असलेले दोन हत्ती बघून, हे एवढ्या उंच आणले कसे, याचंच त्याला नवल वाटलं. पण राणीवशाच्या खांबांवर नक्षी कसली होती, खिडक्या किती होत्या, हे सांगणारं त्या काळातलं एकही चित्र आपल्या हातात नाही. मग आपण जे बांधू ते आपल्या मनातलं असेल, आणि ते बांधताना जोत्यावर नवे खांब रोवले तर खरा पुरावा आपणच झाकून टाकू.

कागदावर मात्र बांधायला कुणाची ना नाही! म्हणून तुमच्यासाठी काम. शाळेच्या मैदानावर खडूने 86 फूट बाय 33 फुटांचा चौकोन आखा. मैदान लहान असेल तर एका फुटाला एक इंच धरा. मग वर्गातल्या सगळ्यांनी मिळून आत महाराजांचं घर बसवा. अट एवढीच: खांब तळखड्यावर हवेत, छप्पर पावसाला उतरतं हवं, मोरीला नेमका उतार हवा, आणि राजाच्या घरी भेटायला येणाऱ्यांची रांग मोठी असते हे विसरायचं नाही. राणीवसा भिंतीपलीकडे, दरवाजा मधोमध. आमच्याकडे पाठवाल तेव्हा चित्रामागे तुमच्या वर्गाचं नाव लिहा, आणि सांडपाणी कुठून बाहेर जातं तिथे लाल बाण काढा. मी सगळ्यात आधी तोच बाण बघणार आहे.